आपण म्हणजे कोण?

टाचणीला आईबाप मिळून चार. त्यातली एक वारली, एक पळाला. उरलेल्या दोघांशी तिचं रक्ताचं नातं थेंबभरही नव्हतं, आणि ती राहत होती नेमकी त्यांच्याच घरात.

हे ऐकलं की माणसं आधी डोळे मोठे करायची, मग मान तिरपी करून "अरेरे" म्हणायची. त्या "अरेरे"ची तिला शिसारी होती. "अरेरे काय?" ती विचारायची. "माझं जेवण तुमच्या घरून येतं का?" समोरचं माणूस दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगायचं, की पोरगी हाताबाहेर गेली. सावत्र आईच्या हाताखालची, दुसरं काय होणार!

टाचणी हे नाव त्या सावत्र आईनेच ठेवलेलं. टाचणी तिला मावशी म्हणायची. मावशी शिवणकाम करायची. कोपऱ्यावर तिचं दुकान होतं. पडदे, उशांचे अभ्रे, जुन्या पँटी आखूड करून देणं, असली कामं. दुकानामागे दोन खोल्या, तेच घर. पोरगी अंगाने काडी आणि जिभेने टोकदार. "टाचणीच आहे मेली," मावशी एकदा म्हणाली. "दिसत नाही. बसलं की कळते." तेव्हापासून तिचं खरं नाव शाळेतल्या हजेरीपुरतं उरलं.

बाप ट्रक चालवायचा. पोरीची आई गेली तेव्हा पोरगी रांगत होती. वर्षभरात बापाने मावशीशी लग्न केलं. लग्न केलं हे त्याचं म्हणणं. टाचणीच्या मते त्याने पाळणाघर शोधलं. पुढे माल घेऊन तो एका लांबच्या शहरी गेला आणि तिथे तिसरीच्याच घरात उतरला. ट्रक परत आला. मालकाने दुसरा चालक पाठवून तो आणवला. बापाला आणायला कुणी गेलं नाही.

त्याचा फोन मात्र यायचा. हवामानाच्या अंदाजासारखा. अधूनमधून, आणि घडायचं त्याच्या उलट. "तू माझा वाघ आहेस," तो म्हणायचा. "पुढच्या महिन्यात येतोच." मागून भांड्यांचा आवाज यायचा. एक बाई विचारायची, "कोणाचा फोन?" बाप म्हणायचा, "कामाचा." टाचणी फोन ठेवून द्यायची.

मावशी तिला टाकून गेली नाही. का गेली नाही, ते तिने सांगितलं नाही आणि टाचणीने विचारलं नाही. मावशीला अवघड काही विचारायची सोयच नव्हती. शिवणाऱ्या बायका टाचण्या ओठांत धरतात, कापडावर एकेक लावायला. मावशी त्या अवघड प्रश्नावर धरायची. हाताशी कापड असो नसो. मग उत्तर एकच. "म्म." त्याचा अर्थ हो, नाही, बघू, किंवा गप्प बस. दोघींचं त्यावर बरं चाललं होतं.

मग घोषणावाला आला.

बसस्थानकावर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं" म्हणणारा तो भारदस्त आवाज म्हणजे टकलावर चार केस आडवे घातलेला बुटका माणूस आहे, हे पाहून टाचणीचा घोर अपेक्षाभंग झाला. तो दुकानात आला होता गणवेशाच्या शर्टाला बटण लावून घ्यायला. पुढच्या आठवड्यात दुसरं बटण. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरं.

"या माणसाची बटणं तुटत नाहीत," टाचणी मावशीला म्हणाली, "तोडली जातात."

"म्म," मावशी म्हणाली आणि कानांपर्यंत लाल झाली.

शर्टाची बटणं संपली तेव्हा लग्न झालं.

तो एक सुटकेस आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन राहायला आला. टाचणीने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं नागोबा. आयत्या बिळावर आला म्हणून. मुलीला सगळे बारकी म्हणायचे. तिलाही आई नव्हती. आल्यावर तिसऱ्याच दिवशी ती मावशीला "आई" म्हणाली. खुशाल, पाणी मागावं तसं. आणि मावशीने मान वरसुद्धा न करता "काय गं?" म्हटलं.

टाचणी बाजूलाच काजं करत बसली होती. इतकी वर्षं ती "मावशी" म्हणत आली. तोंडात "आई" कधी आलं नव्हतं आणि कुणी ते मागितलंही नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती अशी. सुई बोटात गेली. तिने बोट चोखलं आणि काज पुरं केलं.

आता सावत्र आईचा नवरा म्हणजे आपला कोण, हा तिला प्रश्न पडला. भाषेच्या तासाला बाई नात्यांची नावं सांगत होत्या. बायकोच्या बहिणीचा नवरा साडू. नवऱ्याच्या भावाची बायको जाऊ. मुलीचा सासरा व्याही. टाचणीने हात वर केला.

"सावत्र आईच्या दुसऱ्या नवऱ्याला काय म्हणतात?"

वर्ग खिदळला. बाईंनी खडू खाली ठेवला, उचलला. "असं नातंच नसतं," त्या म्हणाल्या.

"असतं, बाई. रोज माझ्याआधी आंघोळीला जातं. तासभर."

तिला वर्गाबाहेर उभं केलं. पण शब्द काही मिळाला नाही. साडूला शब्द आहे, ज्याचं तोंड लग्नाकार्याशिवाय दिसत नाही. एकाच मोरीत दाढीचा फेस ठेवून जाणाऱ्याला नाही. भाषा करणारे लोकही टाचणीच्या मते "अरेरे" म्हणणाऱ्यांपैकीच होते.

मग ती त्याला हाकच मारायची नाही. "पाणी आलंय," ती भिंतीला सांगायची. तो भिंतीला "बरं" म्हणायचा.

त्याची स्वतःची बोलायची तऱ्हा आणखी अजब. दिवसभर लाऊडस्पीकरवर बोलून बोलून घरीही तो तसाच बोलायचा. मावशीला "तुम्ही". बारकीला "तू". आणि टाचणीला "आपण". "आपण जेवून घ्यावं." "आपण दिवा मालवलात तर बरं होईल." दारात मांजर आडवं पडलं असेल तर त्यालाही, "आपण बाजूला व्हावं." म्हणजे घरात त्याला परकी दोघंच. मांजर आणि ती.

असं वर्ष गेलं. मग घरमालकाने सांगितलं, की ही जागा पाडून इथे मोठी इमारत बांधणार. दुकान गेलं, मागच्या खोल्याही गेल्या. घोषणावाल्याच्या आईचं एक घर शहराच्या दुसऱ्या टोकाला बंद पडून होतं. तिसरा मजला, दोन खोल्या, एक बंदिस्त गॅलरी. तिथे जायचं ठरलं.

एका रविवारी सगळे घर बघायला गेले. मावशीने पर्समधून टेप काढली. भिंत मोजली, खिडकी मोजली, गॅलरी मोजली. "मशीन इथे बसेल," ती म्हणाली. बारकी नाचत होती, "माझा पलंग खिडकीशी! माझा पलंग खिडकीशी!" घोषणावाला नळ सोडून बघत होता. टाचणीसाठी कुणी काही मोजलं नाही. ती जिन्यात कठड्याला टेकून उभी राहिली. बिळाचा मालक बदलला होता. आता आयतं बीळ तिच्या वाट्याला आलं होतं, आणि नागोबा ती.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. तिसऱ्या मजल्यावर आपली जागा आहे की नाही? आहे, असं कुणी एकाने म्हटलं असतं तरी पुरे होतं. मांजरालासुद्धा बारकीने सांगून ठेवलं होतं, की तू टोपलीतून येणार आहेस.

तेवढ्यात आत्या उगवली.

आत्या म्हणजे पळालेल्या बापाची धाकटी बहीण. शेजारच्या शहरात असायची. भाऊ गेल्यापासून तिने इकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आली ती अत्तराचा घमघमाट घेऊन. खुर्चीवरचे दोरे झटकून बसली.

"बाई," ती मावशीला म्हणाली. पूर्वी वहिनी म्हणायची. भावाने सोडल्याबरोबर वहिनीची बाई झाली होती. "तुम्ही नव्या संसाराला लागलात, चांगलं केलंत. पण आमची पोर आता तिथे कशाला? तुमचा तिचा संबंध काय? आणि त्या गृहस्थांचा तर मुळीच नाही."

मावशीने टाचण्यांची डबी ओढली.

"काठी मारल्याने पाणी तुटत नाही," आत्या टाचणीकडे वळली. "रक्त ते रक्त."

"पाणी तुटत नाही," टाचणी म्हणाली, "पण आटतं. इतकी वर्षं कुठे होतात, आत्या?"

"बघा, बघा जीभ! अगं, माणसाला व्याप थोडे असतात का? पदरात जुळी. आता शाळेत जायला लागली दोघं. सकाळी तू सोडशील, दुपारी आणशील, मध्ये तुझी शाळा. संध्याकाळी पोरं तुझ्याशी खेळतील. तेवढाच तुला विरंगुळा."

"आणि भांडी?"

"बाई येते की! नाही आली तर घरातलंच काम आहे. परक्याचं का आहे?"

आत्याला फुकटची आया हवी होती. हे न कळायला टाचणी दूधखुळी नव्हती. पण आत्याला ती हवी तरी होती. कशासाठी का असेना, कुणीतरी तिला मागायला आलं होतं. तिने मावशीकडे पाहिलं.

"जाऊ का?"

मावशीने ओठांतल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"तुझं तू ठरव," मावशी म्हणाली. आणि टाचण्या परत ओठांत धरल्या.

तोंड उघडलं ते एवढं बोलायला! त्यापेक्षा "म्म" परवडलं असतं. आत्या समाधानाने उठली. "शनिवारी दुपारची गाडी पकड," ती म्हणाली. "सोमवारपासून पोरांची शाळा आहे."

दुसऱ्या दिवशी घोषणावाला ड्यूटीवरून आला तो थेट आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. दार उघडंच होतं. त्याने चौकटीवर टकटक केली. आडवे केस नीट बसवलेले, गणवेशाची सगळी बटणं लावलेली.

"आपल्याशी दोन शब्द बोलायचे होते."

"बोला," टाचणी भिंतीला म्हणाली.

त्याने घसा साफ केला. "माणसाने आपल्या माणसांत असावं," तो म्हणाला. थांबला. जणू ध्वनिक्षेपकातून शब्द लांबवर पोचायला वेळ देत होता. "तेव्हा आपलं सामान वेळेवर बांधून ठेवावं. ऐनवेळी गैरसोय नको."

टाचणी त्याच्याकडे बघत राहिली. एवढा नीट भांग पाडून माणूस घराबाहेर काढायला आला होता.

"फलाट क्रमांक?" तिने विचारलं.

"हं?"

"काही नाही. बांधते सामान."

त्याचा चेहरा उजळला. हे तिला सगळ्यात लागलं. निघून जाताना तो बारकीला म्हणाला, "झालं बरं का, काम झालं," आणि शीळ घातली. पाहुणा जातोय हे कळल्यावर यजमान इतका खूश होतो, ते तिने पुस्तकांत वाचलं होतं. बघितलं पहिल्यांदा.

शनिवारी मावशी कुणाकडे तरी पडदे लावायला गेली होती. टाचणीने बॅग भरली. जाताना दुकानाच्या दाराला कुलूप आहे का ते बघितलं, मशीनवर फडकं टाकलं. बारकी पायरीवर बसली होती.

"ताई, कुठे चाललीस?"

"आपल्या माणसांत."

"मी येऊ?"

"तू त्यांच्यातली नाहीस."

"मग मी कोणाच्यातली?"

"बापाला विचार," टाचणी म्हणाली. बारकी खरंच आत फोनकडे पळाली. टाचणीने मागे वळून पाहिलं नाही. रडायचं झालंच तर गाडीत खिडकीशी बसून रडावं, अशा मताची ती होती. वारा असतो, डोळ्यांत धूळ गेली म्हणता येतं.

बसस्थानक तिला कधीच आवडलं नव्हतं. सिमेंटचे बाक, त्यांवर पाय पसरून झोपलेले लोक, डिझेलचा वास, आणि सगळ्यांच्या डोक्यावर त्या माणसाचा आवाज. वरच्या मजल्यावर काचेची खोली होती. तिथे तो बसायचा. टाचणी मुद्दाम मान खाली घालून बाकावर बसली. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही म्हणतात. ती करणार होती. गाडी येईपर्यंत तरी.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं." आत्याच्या गावाचं नाव घेऊन तो म्हणाला, "गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे."

ती दोनवर गेली. तिच्याबरोबर बरीच माणसं गेली. गाठोडी, पिशव्या, एक म्हातारा पिंजऱ्यात पोपट घेऊन. दोनवर गाडी नव्हती. सगळे वाट बघत राहिले. पलीकडे पाचव्या फलाटावरून एक गाडी जवळजवळ रिकामीच निघाली आणि फाटकातून बाहेर पडली. पोपटवाल्या म्हाताऱ्याने तिची पाटी वाचली.

"अहो, आपली होती ती!"

मग जो कल्लोळ उठला, त्यात घोषणावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. "झोपलाय का वर?" "खाली उतरवा त्याला!" एका बाईने चप्पल काढून हातात घेतली. टाचणीने वर बघितलं. काचेमागे तो उभा होता. गाडीकडे बघत नव्हता, ओरडणाऱ्यांकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. आणि ती थक्क झाली. अख्ख्या स्थानकाला सांगता येत होतं, की इतक्या वर्षांत या माणसाने एकदाही फलाट चुकवला नव्हता.

स्थानकप्रमुख तरातरा वर गेले. काचेआडून त्यांचे हातवारे दिसत होते. मग ते त्याला घेऊनच खाली आले आणि लोकांसमोर बोलले. "आज डोकं कुठे ठेवून आलात?"

"घरी, साहेब," तो म्हणाला.

लोक हसले. साहेब नाही हसले. "सोमवारी लेखी द्यायचं," ते म्हणाले. "आणि पुढच्या गाडीला चूक झाली तर घरीच बसा. डोक्याजवळ."

गर्दी पांगल्यावर तो तिच्या बाकापाशी आला. आडवे केस उभे राहिले होते.

"मुद्दाम केलंत," टाचणी म्हणाली. भिंत जवळ नव्हती, म्हणून त्याच्याकडेच बघून बोलावं लागलं.

"बारकीचा फोन आला. खाली यायला वेळ नव्हता. हातात माईक होता." तो उभाच होता. "पुढची गाडी दहा मिनिटांत आहे. ती बरोबर सांगेन. आपण जाऊ नये असं वाटतं, पण सांगेन बरोबर."

"तुम्हीच म्हणालात जा म्हणून!"

"मी?"

"सामान बांधा म्हणालात. माणसाने आपल्या माणसांत असावं म्हणालात."

"मग?"

"मग काय! आपली माणसं म्हणजे आत्याच ना?"

"आत्या?" तो खरोखरच गोंधळला. "त्या कशा आपल्या? त्या त्यांच्या."

"मग आपली कोण?"

"आपली म्हणजे... आपली." त्याने हाताने हवेत एक गोल काढला. त्यात तो, ती, स्थानकाचा अर्धा भाग आणि पोपट आला. "आपण, मावशी, बारकी. आपण सगळी."

"आणि सामान?"

"आपलं सामान. सगळ्या घराचं. आपल्या हाताला वळण आहे, म्हणून आपल्याला म्हटलं, की आपलं सामान—"

"थांबा," टाचणी म्हणाली. "एका वाक्यात तीन आपण. पहिला म्हणजे मी, दुसरा मीच, तिसरा सगळे?"

तो बोटांवर मोजू लागला. मध्येच थांबला. त्याला काहीतरी कळलं असावं, कारण तो मटकन बाकावर बसला.

"रात्रभर पाठ केलं होतं," तो म्हणाला. "आरशासमोर."

"दिसलं. भांगसुद्धा पाडला होतात."

कुणी तरी शिंकलं. एक गाडी मागे येताना पीं पीं करत राहिली. टाचणीला हसू येत होतं आणि ते तिला अजिबात यायला नको होतं. तिने राग शोधला. तो होता अजून.

"मला आपण-आपण का करता? बारकीला तू म्हणता. मी आणि मांजर, आम्हीच तेवढी पाहुणी?"

"परक्याच्या मुलीला एकदम तू कसं म्हणायचं?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्याला हक्क लागतो."

"तो कोण देणार?"

"आपण," तो म्हणाला.

टाचणीने कपाळावर हात मारला. "घ्या. दिला. संपलं?"

त्याने मान डोलावली. "तू" हा शब्द नवीन बुटासारखा आधी आत पाय घालून बघत होता.

"मावशीने मला का थांबवलं नाही?" तिने विचारलं. हा प्रश्न तिला खरं तर कुणालाच विचारायचा नव्हता.

"त्या म्हणाल्या, तिच्या बापाकडची माणसं न्यायला आली तर मी अडवणारी कोण? कायद्यात माझं काही नाव आहे का? म्हणाल्या, पोरीने आपणहून राहते म्हणावं, म्हणजे कुणाला बोट दाखवता येणार नाही." तो बुटाकडे बघत होता. "दोन रात्री जेवल्या नाहीत."

"मग तोंडाने बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही दोघी एकमेकींशी बोलता कधी?"

टाचणीने दुसरा राग शोधला.

"आणि माझ्यासाठी काही मोजलं नाहीत तिथे," ती म्हणाली. "मशीन मोजलं. पलंग मोजला."

"मशीन गॅलरीत का जातंय?" त्याने विचारलं. "गॅलरीत ऊन येतं, शिवताना डोळे दिपतात. मी म्हटलं, आतल्या खोलीत ठेवा. तर म्हणाल्या, नाही, आतल्या खोलीला दार आहे. मोठ्या मुलीला लावून घ्यायला दार लागतं."

म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. एकजण ते घोषणेत सांगत होता, एक ते गिळत होती, आणि तिने स्वतः काय केलं? भिंतीशी बोलली. तिघंही एका माळेचे मणी. आत्या बरी, असं तिला क्षणभर वाटलं. निदान काय हवं ते स्वच्छ मागते.

वर घंटा वाजली. तो उठला.

"गाडी आली. सांगायला जातो." जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून तो वळला. शब्द तोंडात दोनदा फिरवला. "तू... तू घरी चल," तो म्हणाला, आणि शरमेने लाल होऊन धावत वर गेला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," आवाज आला. फलाट पाच. बरोबर सांगितला. शेवटी आवाज जरा फाटला, पण आकडा बरोबर होता.

टाचणी बॅग घेऊन पाचवर गेली. का गेली, ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. कदाचित कुणी वरून बघत होतं म्हणून. तिला कुणी गृहीत धरलेलं आवडत नसे. गाडी येऊन थांबली. पोपटवाला म्हातारा सगळ्यात आधी चढला. फोन वाजला.

"बसलीस का गाडीत?" आत्या.

"चुकली."

"चुकली? अशी कशी चुकली? डोळे कुठे होते?"

"डोळे इथेच होते. फलाट तिकडे होता."

"बाई, बाई! पहिल्याच दिवशी हे. पुढची आहे ना?"

गाडी तिच्या पुढ्यात उभी होती. दार उघडं. वाहक एक पाय पायरीवर ठेवून तिच्याकडे बघत होता.

"आहे," टाचणी म्हणाली. "तीही चुकणार आहे."

आत्या बोलत राहिली. जुळी, सोमवार, उपकार, रक्त. टाचणीने फोन कानापासून लांब धरला, आणि मग बंदच केला.

"येणार का?" वाहकाने विचारलं.

"नाही."

"मग दारात बॅग कशाला ठेवलीस? लोकांना चढायचंय."

तिने बॅग पायाने बाजूला सरकवली.